काढ्याच्या बरणीवरची सत्तेचाळिसावी रेघ

मित्रांनो, मी जुना आहे, काळपट आहे, आणि दिसायला छान आहे असं मला आजवर कोणीही म्हटलेलं नाही. मोजून सांगतो : एकदाही नाही.

मी एक द्राव आहे. तांबं खाणारा. शास्त्राच्या पुस्तकात मला फेरिक क्लोराइड म्हणतात, पण या घरात माझं नाव काढा. पहिल्याच दिवशी ताईच्या सासऱ्यांनी बरणीत डोकावून विचारलं होतं, "सूनबाई, एवढा काढा कोणासाठी? खोकला कोणाला झालाय?" झालं. नाव चिकटलं ते चिकटलंच. माझे डागही असेच चिकटतात, धुऊन जात नाहीत, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही.

मी दुकानातून आलो तेव्हा द्राव नव्हतोच. पिवळट तपकिरी खडे होतो, वाळलेल्या मातीच्या ढेकळांसारखे. ताईनं हातमोजे घातले, डोळ्यांवर मोठा चष्मा चढवला, खिडकी सताड उघडली आणि पाण्यात माझा एकेक खडा सोडला. प्रत्येक खड्यासरशी पाणी तापत गेलं. ताई स्वतःलाच बजावत होती, "सावकाश. घाई केलीस तर अंगावर येईल." अशा प्रकारे मी जन्मलो. माझ्या जन्माच्या वेळी सगळे दोन पावलं मागे सरकले होते, हेही नोंदवून ठेवतो.

ताई म्हणजे या घरातली दुरुस्तीवाली. जुने रेडिओ, वजनाचे काटे, दवाखान्यातली वाफारा देणारी यंत्रं, ज्यांचे सुटे भाग आता कुठेच मिळत नाहीत असं सगळं तिच्या टेबलावर येऊन पडतं. यंत्राच्या आतला बोर्ड जळालेला असेल, तर ती नवा बोर्ड घरीच करते. त्यासाठी ती तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेली एक पाटी घेते. विजेनं ज्या वाटेनं जायचं, ती वाट पाटीवर पक्क्या शाईच्या पेनानं काढते. मग ती पाटी प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवून तिच्यावर मला ओतते. शाईखालच्या तांब्याला मी हात लावत नाही. बाकीचं सगळं खाऊन टाकतो. शेवटी शाई पुसली की खाली तांब्याच्या चकचकीत वाटा उरतात. या वाटा ताईच्या म्हणून ओळखल्या जातात. त्यांच्या भोवतालची मोकळी जागा माझी. मोकळ्या जागेचं कौतुक कोणी करत नाही, पण ती नसती तर सगळ्या वाटा एकमेकींत घुसून ठिणग्या उडाल्या असत्या.

काम झालं की ताई मला परत बरणीत भरायची, झाकण घट्ट लावायची आणि बरणीवरच्या चिठ्ठीवर एक रेघ ओढायची. रेघेशेजारी मिनिटं लिहायची. पहिली रेघ, नऊ मिनिटं. दुसरी रेघ, नऊ मिनिटं. ती चिठ्ठी म्हणजे माझी अब्रू होती. मी तिच्याकडे आतून बघत असे, त्यामुळे मला सगळे आकडे उलटे दिसत, तरी पाठ होते.

ते दिवस चांगले होते. एकदा तर सासऱ्यांनीसुद्धा माझं कौतुक केलं. ते घड्याळजी. आयुष्यभर घड्याळं उघडली आणि मिटवली. दुकान बंद केलं तरी हत्यारं बंद केली नव्हती. त्यांचे बारीक पेचकस, चिमटे आणि ब्रश माझ्या वरच्या फळीवर मखमलीच्या गुंडाळीत असत. एके दिवशी ताई फोनवर बोलत होती आणि बोर्ड माझ्यात पडून होता. सासरे म्हणाले, "मी काढतो गं." आणि सरळ आपला लोखंडी चिमटा माझ्यात बुडवला. मला काळ्याकुट्टाला आरपार कोण बघणार? बिचारे चाचपडत राहिले. चिमटा बाहेर आला तेव्हा त्याची टोकं तांब्यासारखी लाल झाली होती.

"सूनबाई! तुझ्या काढ्यानं माझ्या चिमट्याला मुलामा दिला!"

"बाबा! त्यात लोखंड नाही घालायचं! हातमोजे कुठेत तुमचे? आधी हात धुवा!"

"धुतो. पण दिसतो किती छान!"

दिसतो छान म्हणजे चिमटा. मी नाही. तरी ती दाद मी माझ्या खात्यात लिहून घेतली, कारण मुलामा माझाच होता. ताईनं हात धुवून देता देता त्यांना समजावलं, की काढ्यानं खाल्लेलं तांबं लोखंड दिसलं की पोटातून बाहेर येऊन त्याच्यावर बसतं. मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे माझ्या कामी येणार आहे.

वर्षं गेली. तीन. प्रत्येक बोर्डाचं तांबं माझ्या पोटात साठत गेलं आणि भूक मंदावली. पंचविसाव्या रेघेला वीस मिनिटं लागली, चाळिसाव्या रेघेला अडतीस. शेहेचाळिसाव्या रेघेशेजारी ताईनं बावन्न असा आकडा लिहिला आणि पेनचं टोपण लावता लावता म्हणाली, "काढेबुवा म्हातारे झाले. पन्नास झाल्या की निरोप देऊ."

पन्नास! म्हणजे अजून चार रेघा शिल्लक होत्या. मी त्या चार रेघांवर मनातल्या मनात पाय पसरून बसलो होतो. तेवढ्यात ते आलं.

ताईची धाकटी बहीण एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. एका रविवारी ती पिशवीत तीन बाटल्या घेऊन आली. दोघी बहिणी चष्मे घालून गॅलरीच्या दारात बसल्या. आधी पाणी, मग आम्ल, मग पेरॉक्साइड, असं मोजून मोजून काचेच्या एका बरणीत घातलं आणि त्यात तांब्याच्या तारेचे तुकडे सोडले. बघता बघता बरणी हिरवी झाली. पाचूसारखी हिरवी आणि आरपार. तिच्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. खिडकीतलं आभाळसुद्धा हिरवं झालं होतं.

सासरे आले, वाकले आणि म्हणाले, "वा! आणि हे सरबत कोणासाठी?"

पाहिलंत? मला काढा, त्याला सरबत. काढा म्हणजे नाक दाबून प्यायची गोष्ट. सरबत पाहुण्यांना देतात. (तसं पाहिलं तर आम्ही दोघंही विष. ताईनं दोन्ही बरण्यांवर लाल शाईनं तसं ठळक लिहिलं होतं. माझ्यावरचं फिकट झालं होतं, त्याच्यावरचं नवंकोरं. पण नावात जो फरक पडायचा तो पडलाच.)

आणि बहिणीनं सांगितलेलं ते वाक्य मी विसरणार नाही. ती म्हणाली, "ताई, हे कधी संपतच नाही बघ. तांबं खाऊन दमलं की नुसती हवा द्यायची आणि अधूनमधून थोडं आम्ल. परत ताजं. यात बोर्डसुद्धा दिसतो. तुझ्या त्या डांबरासारखं चाचपडायला नको."

तुझं ते डांबर. मी तिथेच बसलो होतो!

त्या दिवसापासून मी हिशेब ठेवायला लागलो. मला तीन वर्षांत चार वेळा शाबासकी मिळाली होती. चिमट्याची धरली तर पाच. सरबताला पहिल्या आठवड्यात अकरा. ताई काम नसतानाही त्याची बरणी उजेडासमोर धरून बघायची. माझी बरणी तिनं उजेडासमोर कधीच धरली नाही. धरून दिसणार काय होतं म्हणा. त्याचा बोर्ड सहा मिनिटांत व्हायचा आणि ती ट्रेवर वाकून एखादं दृश्य बघावं तशी बघत बसायची. माझ्यावर ती वाकायची ती घड्याळ लावून दुसरीकडे वळण्यापुरती.

कळस म्हणजे, त्याला वारा घालायला माणूस नाही, तर यंत्र आणलं. वरच्या मजल्यावरच्या मावशींकडे माशांची टाकी आहे. त्यांच्याकडे हवेचा एक जादा पंप होता, तो ताईनं मागून आणला. पंपाची नळी सरबताच्या झाकणातल्या भोकातून आत सोडली. बसल्या जागी पोटात बुडबुडे! जेवण झाल्यावर पाठ थोपटावी तसं. त्या सुखात त्याचा मळकटलेला रंग पुन्हा पाचूसारखा व्हायचा. मी त्या गुडगुड आवाजाकडे पाठ करून बसायचा प्रयत्न केला. पण गोल बरणीतल्याला पाठ कुठून असणार?

दोन महिन्यांत त्याच्या चिठ्ठीवर एकोणीस रेघा झाल्या. माझ्या शेहेचाळीसच. मला पन्नास नको होत्या, मित्रांनो. मला फक्त सत्तेचाळिसावी हवी होती. नुसती एक. मी अजून आहे एवढं सांगणारी.

मग मला एक गोष्ट दिसली, आणि मी काय केलं ते आता खरं सांगतो.

सरबताच्या झाकणाला भोक होतं. ते बंद करून चालत नाही, आतला वायू साठून बरणी फुटेल. पण त्याच भोकातून आम्लाची अगदी पुसटशी वाफ येते. माणसाला ती जाणवत नाही, लोखंडाला जाणवते. वरच्या फळीवरच्या मखमलीच्या गुंडाळीतून सासऱ्यांचे पेचकस डोकं काढून असत. एका सकाळी त्यातल्या एकावर तांबूस ठिपका उमटला. दुसऱ्या आठवड्यात चार. मग अकरा. मी रोज मोजत होतो आणि मनातून खूश होतो. म्हटलं, होऊ दे. कळू दे सगळ्यांना हे गोड सरबत कसं आहे ते. मला बोलता येत नाही हे खरं, पण येत असतं तरी मी बोललो नसतो.

एका दुपारी सासऱ्यांनी गुंडाळी उघडली. सगळ्यात बारीक पेचकस हातात घेतला. तो त्यांच्या उस्तादांनी दिलेला होता, त्यांच्या पहिल्या घड्याळासाठी. त्याचं टोक बोट लागताच मोडलं. त्यांनी मोडकं टोक तळहातावर घेतलं आणि अंगठ्यानं हळूच पुसलं. मी हसायच्या बेतात होतो. पण त्या तळहाताकडे बघून मला हसता आलं नाही.

मग त्यांची नजर फिरली. आणि कुठे थांबली सांगा बरं? हिरव्या पाचूवर? छे. माझ्यावर!

"हा काळतोंड्या!" ते म्हणाले. "याच्याशिवाय कोण करणार?"

त्यांनी बरणी उचलली आणि थेट मोरीकडे निघाले. झाकण फिरलं. मी कडेपर्यंत आलो. खाली मोरीची जाळी दिसत होती. शेहेचाळीस रेघा, तीन वर्षं, आणि शेवट त्या जाळीत.

"बाबा! थांबा! ओतू नका!" ताई हातातलं सगळं टाकून धावली.

"माझी हत्यारं खाल्ली यानं. याला घरात ठेवायचा नाही."

"याला ठेवायचं की नाही ते नंतर ठरवू. पण मोरीत नाही ओतायचं. याच्या पोटात केवढं तांबं आहे! नळ कुजेल ते वेगळंच. इथून ते गटारात जाणार, तिथून नदीत. मासे मरतात बाबा त्यानं. मावशींच्या टाकीत थेंबभर पडलं तरी सगळे उलटे तरंगतील."

सासऱ्यांनी बरणी खाली ठेवली, पण त्यांचा राग उतरला नव्हता. "मग हत्यारं कोणी खाल्ली?"

"बघू या ना," ताई म्हणाली. तिनं दोन नव्या टाचण्या घेतल्या. एक माझ्या बरणीशेजारी ठेवली, एक सरबताच्या. "चार दिवस कोणी हात लावायचा नाही."

ते चार दिवस मी श्वाससुद्धा घेतला नाही. पाचव्या सकाळी सासऱ्यांनी डोळ्याला भिंग लावलं. माझी टाचणी लखलखीत होती. सरबताची टाचणी जुन्या खिळ्यासारखी झाली होती.

"अरेच्चा!" सासरे म्हणाले. "गोडबोल्याच निघाला की चोर." आणि मग माझ्याकडे वळून, जरा ओशाळून, "माफ कर रे काढ्या. तुझं झाकण घट्ट असतं, तोंड बंद ठेवतोस, म्हणून तुझ्यावरच संशय आला."

ही माझी सहावी नोंद. माफीला शाबासकीत धरावं की नाही, यावर मी बराच विचार केला आणि धरली.

सरबताची रवानगी गॅलरीत झाली. हत्यारांना तेल लावून ती दुसऱ्या खोलीत गेली. गॅलरीत विजेची सोय नव्हती, म्हणून पंप नुसताच पडून राहिला. आणि चारच दिवसांनी वरच्या मावशी पायऱ्या मोजत खाली आल्या. "पोरी, माझा पंप दे बाई. टाकीतला बंद पडला. मासे वर येऊन तोंडं वासतायत, माझ्याकडे बघून जांभया देतायत असं वाटतं." पंप गेला.

मी सुखात होतो. इतका सुखात की सरबताकडे बघायलाही विसरलो. ते उन्हात आटत होतं, हवा न मिळून दिवसेंदिवस गढूळ होत होतं. पाचू गेला. शेवाळलेल्या डबक्याचा रंग आला, मग त्याहूनही काळा.

आणि मग तो दिवस उगवला.

सकाळचे साडेदहा वाजले होते. मावशी दारात उभ्या. पोटाशी टॉवेल, टॉवेलात बारा अंडी, आणि हातात अंडी उबवायच्या यंत्राचा जळका बोर्ड. त्या गच्चीवरच्या खोलीत बदकं पाळतात.

"पोरी, गेलं बघ! नुसता धूर आला आणि गेलं. आज पंचविसावा दिवस आहे. तीन दिवस राहिलेत फक्त. परवापासून आतून टकटक ऐकू येते गं. आता ही गार पडली तर..."

सासरे गरम पाण्याच्या पिशव्या आणायला उठले. जाता जाता म्हणाले, "बाई, काळजी कशाला करता? तुम्हीच बसा अंड्यांवर."

"बसले असते घड्याळजी. गुडघे वाकत नाहीत. तुम्ही बसता का?"

"मी बसलो तर पिल्लं वेळेच्या आधी बाहेर येतील. सवय आहे मला घड्याळ पुढे करायची."

मावशी हसल्या, पण टॉवेल घट्ट धरूनच. ताई हसली नाही. तिनं जळका बोर्ड उलटा-पालटा करून पाहिला. "संध्याकाळपर्यंत पिशव्यांवर निभावेल. तोवर बोर्ड झाला पाहिजे." दीड तळहात मोठा बोर्ड होता. दुपारच्या एकपर्यंत तिनं तांब्यावर शाईच्या सगळ्या रेघा काढल्या. मग हातमोजे चढवून गॅलरीत गेली आणि सरबताची बरणी उचलून आत आणली.

बरणी निम्म्याहून कमी झाली होती. आत काळपट चिखल.

"गुदमरलं हे," ताई म्हणाली. "आणि एवढ्याशानं बोर्ड बुडणारही नाही."

मग ती माझ्याकडे वळली.

मित्रांनो, मला त्या क्षणी अंड्यांची आठवण राहिली नाही. लाज वाटते, पण खरं आहे. मला फक्त सत्तेचाळिसावी रेघ दिसत होती. ताईनं मला ट्रेमध्ये ओतलं, ट्रे गरम पाण्याच्या परातीत ठेवला आणि हळूहळू झुलवायला लागली. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावलं. दहा मिनिटं. वीस. चाळीस. मावशी दर पाच मिनिटांनी पिशव्यांतलं पाणी बदलत होत्या आणि प्रत्येक वेळी अंड्यांना कान लावत होत्या.

ताईनं प्लास्टिकच्या चिमट्यानं बोर्ड उचलला. अर्ध्या बोर्डावर तांबं जसंच्या तसं होतं. सासऱ्यांनी भिंग लावलं.

"सूनबाई, कडेच्या रेघा शाईखालून कुरतडल्या जातायत. आणखी तासभर याच्यात ठेवलास तर तुटतील."

"म्हणजे?" मावशींनी विचारलं.

टॉवेलातून बारीक टकटक आली, आणि ती मलाही ऐकू आली. आत कोणीतरी दार वाजवत होतं, आणि त्याचं दार उघडायचं काम माझ्याकडे होतं, आणि मला ते जमत नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा मला रेघ नको झाली. मला वाटलं, ते हिरवं ताजं असतं तर सहा मिनिटांत झालं असतं. मी ज्याचं वाटोळं व्हावं म्हणून ठिपके मोजत बसलो, त्याचीच आज गरज होती.

ताईनं हताशपणे ट्रे तिरका केला. मी एका बाजूला सरकलो. दुसऱ्या कडेला माझा अगदी पातळ थर राहिला, खिडकीच्या उजेडात. ती थबकली.

"बाबा, इकडे या. कडेला बघा."

"काय बघू? काढा आहे."

"रंग बघा. हिरवा."

सासरे वाकले. मीही, जमेल तेवढं, स्वतःकडे वाकून पाहिलं. खरंच. काळ्याच्या आड, कडेच्या त्या पातळ थरात मी हिरवा होतो. त्याच्यासारखाच.

"सरबत म्हणजे तरी काय?" ताई भराभर बोलायला लागली. "आम्लात विरघळलेलं तांबं. आणि यानं तीन वर्षं दुसरं काय खाल्लंय? सरबत याच्या पोटातच आहे. दोघंही दमलेत, दोघांनाही एकच औषध लागतं. मावशी, तुमचा पंप!"

"मासे?"

"तासभर जांभया देऊ देत त्यांना!"

मावशींनी अंडी सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली आणि न वाकणारे गुडघे घेऊन जिना चढल्या. इतक्या झटपट की सासरे बघतच राहिले. एरवी बारीक पेचकस न थरथरता धरणारा तो माणूस बारा अंडी मांडीवर घेऊन पुतळ्यासारखा बसला होता. "सूनबाई," ते कुजबुजले, "मला शिंक येतेय."

"गिळा, बाबा!"

ताईनं बोर्ड बाजूला ठेवला, मला ट्रेमधून परत माझ्या बरणीत भरलं आणि वरून सरबताची बरणी रिकामी केली. मी दोन महिने ज्याच्याकडे पाठ करायची धडपड केली, ते माझ्यात येऊन मिसळलं. मला वाटलं होतं झोंबेल. काहीच झोंबलं नाही. मग तिनं खिडक्या उघडल्या, सगळ्यांना मागे सरकवलं, मोजून आम्ल घातलं. बहिणीनं ठेवलेल्या पेरॉक्साइडच्या बाटलीत तळाशी थोडंसं उरलं होतं, ते चमचा चमचा सोडलं. मला फेस आला. अंग गरम झालं. पंपाची नळी आत आली आणि माझ्याही पोटात बुडबुडे सुरू झाले. खरं सांगू? सुख असतं ते. सरबत उगाच मिजास करत नव्हतं.

फेस बसल्यावर ताईनं आम्हांला पुन्हा ट्रेमध्ये ओतलं. रंग गडद हिरवा होता, पण आरपार. बोर्ड दिसत होता. तांबं कडेपासून मागे हटताना दिसत होतं. ताई वाकून बघत होती. माझ्यावर वाकून!

"झालं," ती म्हणाली आणि घड्याळाकडे पाहिलं. "नऊ मिनिटं."

नऊ. माझ्या पहिल्या रेघेइतकी.

पुढचं काम आमचं नव्हतं. सासऱ्यांनी भिंग लावून कुरतडलेल्या दोन रेघा दाखवल्या, ताईनं त्यांच्यावर तारेचे तुकडे ठेवून कथील वितळवून डाग दिला. भोकं पाडली, भाग जोडले. साडेपाचला गच्चीवरच्या यंत्राचा दिवा लागला. तो आम्हांला दिसला नाही, पण मावशींची आरोळी दोन मजले खाली ऐकू आली.

तीन दिवसांनी बारापैकी नऊ अंडी फुटली. तीन फुटली नाहीत. मावशी म्हणाल्या, तीन जातातच कधी कधी. पण मी हिशेबाचा माणूस, मी ती तीन माझ्या नावावर लिहून ठेवलीत. पहिली चाळीस मिनिटं माझी होती.

आता प्रश्न रेघेचा. "सत्तेचाळिसावी का विसावी?" सासऱ्यांनी विचारलं. "कोणाच्या खात्यात घालतेस?"

ताईनं दोन्ही जुन्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या सोडवल्या, एका नव्या मोठ्या बरणीवर शेजारी शेजारी चिकटवल्या आणि एकच लांब रेघ ओढली. माझ्या चिठ्ठीवर सुरू होऊन त्याच्या चिठ्ठीवर संपणारी. खाली लिहिलं : नऊ मिनिटं. आणि त्याखाली लाल शाईनं, मोठ्या अक्षरात : विष. मग सासऱ्यांनी झाकणाला नळीपुरतं भोक पाडून दिलं, आणि बरणी हत्यारांपासून चांगली लांब ठेवली.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना हाताळणं हे मोठ्या माणसांचं काम आहे, हातमोजे आणि चष्मा घालून, खिडकी उघडून. तुम्ही लांबून बघा. पण एक गोष्ट तुम्हीही करू शकता. घरात कोणी वापरलेला द्राव घेऊन मोरीकडे निघालं, की ताईसारखे ओरडा. जुना झाला म्हणजे संपला असं नसतं. आधी विचारा, याला हवा हवी आहे का, औषध हवं आहे का. आणि खरोखरच संपला असेल, तर मोठ्यांना त्यात लोखंडाचे खिळे टाकून ठेवायला सांगा. तांबं त्यांच्यावर येऊन बसेल, सासऱ्यांच्या चिमट्यावर बसलं होतं तसं. उरलेल्यात धुण्याचा सोडा घालून आम्लाचं तेज मारायचं, आणि जो गाळ राहील तो घातक कचरा नेणाऱ्यांच्या हाती द्यायचा. आमचाही शेवट तसाच होणार आहे. ताईनं खिळ्यांचा डबा शेजारीच ठेवलाय. आमची तक्रार नाही. फक्त ती जाळी नको.

आता मला कोणाचा मत्सर वाटत नाही. परवा बहिणीनं फोनवर तांबं खाणाऱ्या कुठल्याशा पांढऱ्या पुडीचं कौतुक केलं तेव्हा जरा ढवळल्यासारखं झालं, पण ते आम्हां दोघांनाही झालं.

आणि हो, ती लांब रेघ. तिचा माझ्या चिठ्ठीवरचा भाग त्याच्यापेक्षा केसभर मोठा आहे. मी मोजलाय. सरबताला सांगू नका. तसं ते आता माझ्यातच असतं, त्यामुळे त्याला कळलं असणारच. पण अजून तरी ते काही बोललेलं नाही.